प्रेक्षकाची नजर कुठे जाते?

(दृश्य : रंगमंचाचा रुंद, स्थिर शॉट. चार पात्रं.)

कॅमेरा एकच, शेवटच्या रांगेमागे ट्रायपॉडवर उभा केलेला. अख्खा रंगमंच चौकटीत मावलाय, पण चेहरे वाचता येत नाहीत. हौशी संस्थांच्या नाटकांची जी चित्रणं उरली आहेत, त्यांतली कितीतरी अशीच आहेत. नाट्यगृहात बसलेला माणूस मात्र असं बघत नाही. तो बोलणाऱ्याकडे बघतो, लगेच ऐकणाऱ्याकडे वळतो, विंगेतून कुणी डोकावलं की तिकडे जातो.

(दृश्य : डोळ्याचा अगदी जवळचा शॉट.)

बाहुलीशेजारी हा ठिपका चमकतोय ना, ते अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याचं प्रतिबिंब. डोळा फिरला की बाहुली सरकते, ठिपका जवळजवळ जागीच राहतो. दोघांतल्या अंतरावरून नजर पडद्यावर कुठे टेकली आहे, हे नजर टिपणारं यंत्र काढतं. त्याआधी पडद्यावर एकेक करून नऊ ठिपके येतात आणि प्रत्येकाकडे रोखून बघावं लागतं. प्रत्येक डोळ्याची ठेवण वेगळी, म्हणून हा सोपस्कार प्रत्येकासाठी नव्याने.

(दृश्य : चित्रावर उड्या मारणारा हिरवा ठिपका.)

आणि ही चित्र बघणाऱ्याची नजर. सेकंदाला तीन-चार उड्या. हात लांब करून अंगठा समोर धरा. त्याच्या रुंदीएवढ्या भागातलंच आपल्याला लख्ख दिसतं. बाकी सगळं धूसर, म्हणून डोळ्याला सतत पुढची जागा निवडावी लागते.

ही निवड आंधळी नसते. सोव्हिएत शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी इल्या रेपिन यांचं एक चित्र दाखवून दर वेळी प्रश्न बदलला. माणसांची वयं विचारली, तेव्हा नजर चेहऱ्यांवर खिळली. घरची सांपत्तिक स्थिती विचारली, तेव्हा ती वस्तूंकडे वळली. 1998 साली इटी, कॉख आणि नीबुर या संशोधकांनी संगणकासाठी रीत मांडली: रंग, उजेड किंवा रेषांची दिशा यांत जो भाग आजूबाजूपेक्षा उठून दिसतो, तिथे नजर जाईल.

चलचित्रात हालचालीची भर पडते, आणि बघणारे एकाच जागी गोळा होतात. 2007 साली बॉस्टनच्या संशोधकांनी चित्रपटांचे तुकडे दाखवून पाहिलं. निम्म्याहून अधिक वेळ बघणाऱ्यांच्या नजरा चौकटीच्या 12 टक्क्यांपेक्षाही लहान भागात होत्या. डोळ्याच्या मध्यभागाची दृष्टी गेलेल्यांना तेवढाच भाग मोठा करून दाखवता यावा, हा त्यामागचा हेतू.

(दृश्य : तोच रुंद शॉट. पात्रांभोवती चौकटी उमटतात.)

नाटकवाल्यांनी नीट बघावं ते इथे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेली पद्धत अशी: एका स्थिर कॅमेऱ्याच्या चित्रणातून संगणक अनेक चौकटी कापतो. प्रत्येक पात्राची एकट्याची, दोघांची, तिघांची, सगळ्यांची. मग प्रेक्षकांना मूळ चित्रण दाखवून त्यांची नजर टिपायची. ज्या क्षणी नजरा जिथे जमतील, त्या चौकटीचं वजन वाढतं. सोबत संकलकाचे नियमही पाळले जातात: फार लवकर कट नको, एकाच शॉटवर रेंगाळणं नको, जवळपास सारख्या दोन चौकटी लागोपाठ नकोत. सगळा हिशेब जुळला की एका कॅमेऱ्याचं चित्रण अनेक कॅमेऱ्यांनी घेतल्यासारखं दिसू लागतं. कुठला चेहरा दाखवायचा, याचा कौल प्रेक्षकांनी दिलेला असतो. मला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

(दृश्य : उष्णतेचा नकाशा, म्हणजे नजरा जिथे दाट तिथे लाल. लाल डाग पात्रामागून सरकतो.)

माणसांना न बसवता नजरेचा अंदाज बांधणारी जाळीही आहेत, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रणाली (न्यूरल नेटवर्क). 2018 च्या एका संचात 1000 व्हिडिओ आणि 17 जणांच्या नजरांची नोंद आहे. जाळी शिकतात ती अशा संचांवर. पण हैदराबादच्याच गटाला 2021 मध्ये आढळलं, की त्यांच्या जाळ्याला आवाज दिला काय आणि न दिला काय, उत्तर तेच येतं. संवादावर उभ्या असलेल्या नाटकासाठी ही उणीव मोठी आहे. ती भरून निघेपर्यंत खरे प्रेक्षकच बसवावेत.

याच अंदाजावर जाहिरातीही बेतल्या जातात. याच अंदाजाने फोटो आपोआप कापताना चेहऱ्यांत भेदभाव होतो, हे दिसल्यावर ट्विटरने 2021 मध्ये ती सोय मागे घेतली.

(दृश्य : रिकाम्या नाट्यगृहात ट्रायपॉड लावणारे हात.)

चित्रण करणाऱ्यांनी एवढं करावं. अख्खा रंगमंच, कॅमेरा न हलवता, 4के मध्ये घ्यावा. झूम करू नये. चौकटीबाहेर राहिलेलं पात्र नंतर कुठल्याही हिशेबाने परत येत नाही. प्रत्येक नटासाठी आवाजाचा वेगळा ट्रॅक ठेवावा. आणि यूट्यूबवर चढवल्यावर मूळ फाइल पुसू नये.