व्हाइट सिटी: कुत्र्यांनी जगवलेलं स्टेडियम

मंडळी, मॅरेथॉनचं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटरच का, हा प्रश्नमंजूषावाल्यांचा आवडता प्रश्न. उत्तर १९०८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आहे. विंडसरच्या राजवाड्यापाशी सुरुवात आणि पश्चिम लंडनमधल्या व्हाइट सिटी स्टेडियममध्ये राजघराण्याच्या कक्षासमोर शेवट, असं ते अंतर भरलं. इटलीचा दोरांदो पिएत्री तिथेच शेवटच्या फेरीत पुन्हापुन्हा कोसळला. लोकांनी त्याला हात देऊन रेषेपार नेलं आणि त्या मदतीपायीच तो बाद झाला. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मला सांगायचंय ते त्यापुढचं. तिथलं ऑलिंपिक एका उन्हाळ्यात आटोपलं. कुत्रे मात्र ५७ वर्षं धावले.

ऑलिंपिकनंतर त्या अवाढव्य मैदानाचं करायचं काय, हे कुणालाच नीट उमगेना. बरीच वर्षं ते नुसतंच पडून राहिलं. तिकडे अमेरिकेत ओवेन पॅट्रिक स्मिथ नावाच्या गृहस्थानं रुळावर धावणारा यांत्रिक ससा तयार केला होता. तो ससा इंग्लंडात आला आणि २४ जुलै १९२६ला मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर त्याच्यामागे धावणाऱ्या ग्रेहाउंड कुत्र्यांची पहिली शर्यत झाली. वर्षभरात, जून १९२७मध्ये, व्हाइट सिटीतही कुत्रे धावू लागले.

ग्रेहाउंड डोळ्यांसमोर आणायचा असेल तर लातूरकडचं कारवानी कुत्रं आठवा. लांबुळकं तोंड, खोल छाती, पाठीला टेकलेलं पोट. असे सहा कुत्रे खोक्यांत कोंडतात. एक नंबरला लाल जाकीट, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला नारिंगी आणि सहाला काळे-पांढरे पट्टे. मग दिवे फक्त धावपट्टीवर, बाकी सगळीकडे अंधार. ससा मागून घरघरत येतो, खोक्यांवरून पुढे जातो की झडप वर उडते. ससा चालवणारा माणूस उंचावर बसलेला असतो. सशाला कुत्र्यांच्या पुढे, पण त्यांच्या नजरेच्या टप्प्यात ठेवणं हीच त्याची कारागिरी. अर्ध्या मिनिटात खेळ खलास! त्यानंतर पुढच्या शर्यतीपर्यंतचा वेळ पैजा लावण्यासाठी, हे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जाऊन आलेल्यांना सांगायला नको.

घोड्यांची रेस दुपारी आणि बहुधा गावाबाहेर. कामगारानं खाडा करून तिकडे जायचं कसं? कुत्रे संध्याकाळी, विजेच्या उजेडात धावायचे आणि भुयारी रेल्वेचं स्टेशन जवळच. पाद्री आणि पुढारी ‘गरीब माणूस जुगारापायी बुडतो’ म्हणून ओरडत राहिले. त्यात तथ्य होतंच. पण श्रीमंतांच्या घोड्यांपायी त्यांची झोप इतकी कधी उडाली नव्हती, हेही लक्षात घ्या.

आता मिक द मिलर नावाचा कुत्रा. जन्म १९२६चाच, आयर्लंडमधल्या एका खेड्यात, आणि मालक चक्क पाद्री! १९२९ची डर्बी, म्हणजे कुत्र्यांच्या शर्यतीतलं सर्वोच्च बक्षीस, व्हाइट सिटीवरच होती. प्राथमिक फेरीत त्यानं ५२५ यार्ड २९.८२ सेकंदांत कापले. ३० सेकंदांच्या आत तोवर कुणी आलं नव्हतं. अंतिम शर्यतीत पहिल्याच वळणावर धक्काबुक्की झाली, शर्यत रद्द ठरली, पुन्हा धावले आणि मिक जिंकला. १९३०मध्येही तोच. १९३१मध्ये तो पुन्हा पहिला आला, पण मागे कुत्र्यांत झोंबाझोंबी झाल्यामुळे भोंगा वाजला: शर्यत रद्द! दमलेल्या मिकला परत उभं केलं आणि तो हरला. ज्या नियमानं पहिली डर्बी दिली, त्यानंच तिसरी काढून घेतली. कुत्र्याला यातलं काय कळलं असेल? तो आपला सशामागे पळाला होता.

या धंद्याचं वजन केवढं होतं त्याचा एक किस्सा. १९६६च्या फुटबॉल विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना १५ जुलैला व्हाइट सिटीवर झाला. का? तर तो शुक्रवार होता आणि विश्वचषकाचं मुख्य मैदान असलेल्या वेम्बलीच्या मालकांनी तिथली कुत्र्यांची नेहमीची संध्याकाळ सोडायला नकार दिला. विश्वचषक गेला दुसरीकडे, कुत्रे जागेवर!

पण उतरण आधीच लागली होती. १९६१पासून गल्लोगल्ली पैज लावण्याची अधिकृत दुकानं उघडली. पैजेसाठी मैदानापर्यंत जायची गरजच उरली नाही. घरात टीव्ही होताच. अॅथलेटिक्सच्या स्पर्धाही सत्तरच्या दशकात लंडनमधल्याच क्रिस्टल पॅलेस मैदानावर गेल्या. धावून थकलेल्या कुत्र्यांचं पुढे काय होतं, हा प्रश्न लोक जरा उशिराच विचारू लागले. त्याची उत्तरं पुष्कळदा फार वाईट होती. जमिनीची किंमत तर वाढतच होती. २२ सप्टेंबर १९८४ला शेवटच्या शर्यती झाल्या, पुढच्या वर्षी स्टेडियम पाडलं आणि तिथे बीबीसीच्या इमारती आल्या.

आज त्या इमारतींसमोरच्या फरसबंदीत १९०८ची अंतिम रेषा दाखवलेली आहे. जवळच्या भिंतीवर पदकविजेत्या देशांची यादीही आहे. मिकला बघायचं तर मात्र लंडनबाहेर ट्रिंगच्या संग्रहालयात जावं लागतं. तिथे नाना जातींच्या पेंढा भरलेल्या कुत्र्यांमध्ये, काचेमागे, तो उभा आहे.