पैशाला ढेकर येत नाही

जेवताना कुठे थांबायचं हे माणसाला कळतं. चार घास जास्त झाले की पोट कुरकुरतं, आणखी चार झाले की उठवत नाही. झोपेचंही तेच. दहा तास झोपलेला माणूस अकराव्या तासासाठी भांडत नाही. पैशाच्या बाबतीत मात्र शरीरात अशी कुठलीच घंटा बसवलेली नाही. खात्यात कितीही जमा होऊ द्या, ढेकर म्हणून येत नाही. ‘बास, आता नको’ असं आतून कुणी सांगत नाही. ते आपलं आपल्यालाच म्हणावं लागतं आणि नेमकं तेच जमत नाही.

ॲरिस्टॉटलने हे तेवीसशे वर्षांपूर्वी पकडलं होतं. घर चालवायला लागतं ते मिळवणं वेगळं आणि पैशासाठी पैसा वाढवत राहणं वेगळं, असं तो म्हणतो. पहिल्याला हद्द असते, कारण घराला किती लागतं हे मोजता येतं. दुसऱ्याला हद्द नाही. शिडी चढायची ती माळ्यावर जायला. माळाच नसेल तर कुठल्या पायरीवर थांबणार? (शिडी माझी आहे, त्याच्या माथी मारू नका.)

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर घरी जाताना कुणीतरी मला शिव्या देईल, आणि बरोबरच देईल. ज्याच्या घरात महिनाअखेरीस औषध आणायचं की भाडं भरायचं असा प्रश्न असतो, त्याला ‘समाधानी राहा’ म्हणणं हा निव्वळ उद्धटपणा आहे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. मी बोलतोय ते ज्यांचं भागतं त्यांच्याबद्दल. म्हणजे या सभागृहातल्या बहुतेकांबद्दल, आणि माझ्याबद्दल तर नक्कीच.

पैशाने सुख मिळतं का, हा वाद अभ्यासकांमध्येही रंगला. डॅनियल काहनेमान आणि अँगस डीटन यांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या लोकांची माहिती तपासून सांगितलं की वर्षाला साधारण 75,000 डॉलरनंतर रोजच्या आनंदात भर पडत नाही. हा आकडा जगभर गाजला. आपल्या बाजूचा आकडा मिळाला की माणसं तो पाठ करतात. मग 2021 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थने मोबाइलवर लोकांना दिवसभरात मधूनमधून ‘आत्ता कसं वाटतंय?’ असं विचारून दाखवून दिलं की असं काही नाही, पुढेही आनंद वाढतच जातो. आता गंमत अशी की काहनेमान आणि किलिंग्जवर्थ भांडत बसले नाहीत. बार्बरा मेलर्स यांना मध्यस्थ घेऊन त्यांनी एकत्र काम केलं आणि 2023 मध्ये निष्कर्ष मांडला: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो, पण सगळ्यात दुःखी असलेल्या साधारण पाचव्या हिश्श्याच्या लोकांचं दुःख एका मर्यादेपर्यंतच हलकं होतं, पुढे पैसा उपयोगी पडत नाही. जवळचं माणूस गेलेलं असतं, मन मोडलेलं असतं. तिथे पगारवाढ काय करणार?

तेव्हा ‘पैशाने सुख मिळत नाही’ हे वाक्य मी तरी आता म्हणत नाही. मिळतं. फक्त ते कसं मिळतं ते बघा. ही वाढ दुपटीच्या हिशेबाने होते. एकाचे दोन झाले की जेवढं बरं वाटतं, तेवढंच पुन्हा वाटायला दोनाचे चार व्हावे लागतात, मग चाराचे आठ. डॅनियल बर्नुलीने 1738 मध्येच हे गणितात मांडलं होतं: नव्या मिळकतीची किंमत आधी खिशात किती आहे त्यावर ठरते. दर पायरी आधीच्या दुप्पट उंच आणि चढणाऱ्याचे पाय तेच. वय वाढत जातं ते वेगळंच.

मग माणूस चढत का राहतो? माझं उत्तर आहे शेजारचा माणूस. त्यासाठी न्यूटनची गोष्ट सांगतो.

साल 1720. न्यूटन 77 वर्षांचे. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही. इंग्लंडच्या टांकसाळीचे प्रमुख, म्हणजे अख्ख्या देशाचा पैसा ज्याच्या देखरेखीखाली पाडला जातो तो माणूस. साउथ सी कंपनीचे त्यांच्याकडे समभाग होते. वर्षाच्या सुरुवातीला शंभर-सव्वाशे पौंडांच्या आसपास असलेला भाव चढायला लागला, तेव्हा वसंतात त्यांनी बरेचसे विकून टाकले. चांगला घसघशीत नफा झाला. इथपर्यंत सगळं शहाण्यासारखं.

पण भाव चढतच राहिला. आपण विकलं आणि ज्यांनी विकलं नाही ते रोज श्रीमंत होत चाललेत, हे रोज कानावर पडत असणार. जूनच्या सुमारास न्यूटन परत आत शिरले, महाग भावाने. उन्हाळ्यात भाव हजाराच्या घरात गेला आणि वर्ष संपेपर्यंत होता तिथे परत आला. त्यांचे वीस हजार पौंड बुडाले असं पुढे सांगितलं गेलं.

या गोष्टीवरून लोक न्यूटनला हसतात. मला हसू येत नाही, धास्ती वाटते. कारण एवढं बुडूनही 1727 मध्ये वारले तेव्हा ते चांगले श्रीमंत होते. म्हणजे जे मिळवायला परत शिरले त्याची गरज नव्हती, आणि जे गेलं त्यावाचून अडलंही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपण म्हणतो. त्यांचं अंथरूण पायांपेक्षा कितीतरी लांब होतं. नजर मात्र शेजारच्या अंथरुणावर. वसंतात ‘पुरे’ म्हटलेला माणूस उन्हाळ्यात ते विसरला, एवढंच घडलं. पुरे एकदा म्हणून भागत नाही.

याच्या उलटं उदाहरणही आहे. चक फीनी. विमानतळांवरच्या करमुक्त दुकानांच्या धंद्यात हा माणूस अब्जाधीश झाला आणि 1984 मध्ये धंद्यातला जवळपास सगळा हिस्सा त्याने गुपचूप आपल्या दानसंस्थेच्या नावावर केला. कित्येक वर्षं बाहेर कुणाला पत्ता नव्हता. आठ अब्ज डॉलरहून जास्त वाटून झाल्यावर 2020 मध्ये संस्थाच बंद केली. स्वतः सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहायचा, मनगटावर प्लास्टिकचं स्वस्त घड्याळ. त्याला आदर्श म्हणून उभं करायचा माझा विचार नाही. तसं वागणं माझ्याच्याने होणार नाही. मला त्यात वेगळंच दिसतं. कमावण्याची हौस त्याला होती आणि हिस्सा देऊन टाकल्यावरही ती टिकली. सुटलं होतं ते फक्त धरून ठेवणं. आपण या दोन गोष्टी एकच समजतो.

आता माझं सांगतो. नोकरीला लागलो त्या वर्षी मी एका वहीच्या शेवटच्या पानावर एक आकडा लिहिला होता. ‘एवढे झाले की पुरे.’ खाली दोन रेघा मारून तारीखही टाकली होती. पुढे ती वही घर बदलताना सापडली तेव्हा मी तो आकडा केव्हाच ओलांडला होता. मी काय करावं? खिशातलं पेन काढलं, आकडा खोडला आणि शेजारी तिप्पट लिहिला. काही वर्षांनी तोही खोडला. आज त्या पानावर तीन खोडलेले आकडे आहेत, तीन वेगवेगळ्या शाईंत. तिन्ही वेळा गरज वाढली म्हणून खोडलं, असं मी बायकोला सांगितलं. एकदा ते खरं होतं, आई आजारी होती. उरलेल्या दोन वेळा माझ्याबरोबर नोकरीला लागलेला एकजण माझ्या पुढे गेला होता.

त्या आकड्याच्या खाली चार ओळी होत्या, ज्यांच्याकडे मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. पैसे कशाला हवेत, त्याची यादी. औषधपाण्याला मागेपुढे बघायला लागू नये. स्वतःचं छप्पर असावं. मुलीला हवं ते शिकता यावं. आणि चौथी ओळ, बारीक अक्षरात, बहुधा लाजत लिहिलेली: ‘दुपारी अर्धा तास झोप.’

पहिल्या तीन ओळी पहिल्या आकड्यातच भागल्या होत्या. चौथी पुढच्या दोन आकड्यांच्या पायी राहून गेली.

मुलीने ते पान पाहिलं. म्हणाली, “बाबा, आकडे सगळे खोडलेत, पण खालचं काहीच खोडलेलं नाही की!” मी तेव्हा काही बोललो नाही. चौथा आकडा मात्र लिहिला नाही.

संयोजकांनी आजच्या व्याख्यानासाठी दुपारी अडीचची वेळ सुचवली होती. मी साडेचार मागून घेतली. तब्येतीचं कारण सांगितलं होतं, ते खोटं होतं. त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो आणि थांबतो.