पुढच्या सालीबी फुकट?

यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. मृग लागलाय, पावसाचा पत्ता नाही. कोपऱ्यात कपाशीच्या बियाण्याची पाकिटं रचलेली, शेजारी खाटेवर लॅपटॉप. घरची पोरगी मोबाइलचं ॲप बनवायला शिकतेय, म्हणजे ज्या संगणकी भाषेत ॲप लिहितात ती भाषा.

"हे भाषा इकत घ्या लागते काय वं?" वडील विचारतात.

"नाई बाबा, फुकट हाय."

"मंग पुढच्या सालीबी फुकटच राहीन काय?"

हा प्रश्न कापूस पिकवणाऱ्यालाच सुचावा. बीटी कपाशी २००२ साली आली, तीही संकरित. सरकी राखून टोबली तर पहिल्यासारखं पीक येत नाही, म्हणून दर जूनला कृषी केंद्राची पायरी चढायची. घरचं बी राखायचा हक्क २००१ च्या कायद्याने दिलाय. पण हक्क कागदावर, अन् सरकी जिनिंगमध्ये.

संगणकी भाषांनाही हाच प्रश्न पडलाय. जावा ही त्यातली एक, सन कंपनीने १९९५ मध्ये आणली, वापरायला फुकट. जगभरच्या लोकांनी तिच्यात कोड लिहिला. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीने सन विकत घेतली आणि ऑगस्टमध्येच गूगलवर दावा ठोकला: तुमच्या अँड्रॉइडने, म्हणजे मोबाइल चालवणाऱ्या प्रणालीने, आमची पेटंटं आणि कॉपीराइट मोडले. पेटंटचा मुद्दा २०१२ मध्ये ज्युरीपुढे टिकला नाही. भांडण उरलं अँड्रॉइडने जावातून उचललेल्या सुमारे ११,५०० ओळींचं. या ओळी स्वतः काम करत नाहीत, कुठल्या कामाला कुठल्या नावाने हाक मारायची तेवढं ठरवतात. म्हणजे तिफणीला तिफण म्हणायचा परवाना! निकाल उलटसुलट होत राहिले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ मतांनी गूगलचा वापर रास्त ठरवला. मात्र अशा ओळींवर मुळात मालकी सांगता येते का, हे ठरवायचं टाळलं. गूगल अकरा वर्षं वकील पोसू शकली. या खाटेवरच्या पोरीचं काय झालं असतं?

आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३ गमतीचं आहे. उपकलम (जे) म्हणतं, बियाण्यावर पेटंट नाही. लगेच खालचं (के) म्हणतं, नुसत्या संगणक प्रोग्रामवरही नाही. वावर आणि कोड, सख्खे शेजारी. पण त्या 'नुसत्या' शब्दाच्या फटीतून बरंच काही आत येतं. बियाण्याचंही तेच: त्यातल्या जनुकाच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलाच.

पोरगी शिकतेय ती भाषा कोटलिन. २०१९ पासून गूगल अँड्रॉइडसाठी पहिला मान हिलाच देते. कोड खुला आहे, कोणीही उतरवून घ्यावा. नावाचा ट्रेडमार्क मात्र ती बनवणारी जेटब्रेन्स कंपनी आणि गूगलने स्थापलेलं फाउंडेशन सांभाळतं.

ती हे वडिलांना सांगते. ते एक पाकीट उचलतात, पालथं करतात आणि मागची बारीक अक्षरं वाचायला तिच्यापुढे धरतात.