रोडले लागून वावर

(दृश्य: पहाट. कारंजा लाडजवळ समृद्धी महामार्ग. कुंपणाच्या अलीकडे सोयाबीनचं वावर.)

कुंपणापलीकडून गाड्या ताशी 120 किलोमीटरनं पळताहेत. अलीकडे, दहा पावलांवर, सोयाबीन सोंगणीला आलंय. या वावराचा मालक सत्तरीच्या घरातला. महामार्ग इथून जाणार असं कळलं तेव्हापासून किती दलाल येऊन गेले, याची मोजदाद त्यानं सोडून दिलीय. सगळ्यांचं बोलणं एकच, जमीन रोड टच आहे, भाव सोन्याचा येईल. तो कुंपणाची जाळी हातानं हलवून दाखवतो आणि म्हणतो, "आपलं वावर रोडले लागून हाय, पण रोड काही वावराले लागून नाही."

गावाकडं व्यापारी जागेत पैसा घालणाऱ्यानं आणि त्या धंद्यात काम शोधणाऱ्या पोरांनी आधी हे वाक्य ऐकावं, म्हणून आम्ही इथून सुरुवात केली.

समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा. नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, शेवटचा 5 जून 2025 ला. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. पण त्यावर चढायचं आणि उतरायचं ते फक्त इंटरचेंजवर. मधल्या कुंपणाला कुणालाच फाटक काढता येत नाही. त्यामुळे दुकान, गोदाम, हॉटेल यांच्या जागेला किंमत येते ती इंटरचेंजवरून गावाकडं जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर. महामार्ग घरून दिसतो म्हणून ती येत नाही.

(दृश्य: धामणगावचं रेल्वे स्टेशन. मालगाडी जाते.)

वऱ्हाडानं हे एकदा पाहिलेलं आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली. रूळ शेकडो गावांच्या शिवारातून गेले, बाजारपेठा मात्र वाढल्या त्या स्टेशनाभोवती. धामणगावाच्या नावातच आजही 'रेल्वे' आहे. कापसाच्या गाड्या जिथं उभ्या राहिल्या तिथं जिनिंग आलं, अडत्ये आले, हमालांची वस्ती आली, मग चहाची टपरी आणि कापडाचं दुकान. इथलं व्यापारी बांधकाम शेतमालाच्या पाठीमागून आलंय, आणि आजही तसंच येतं.

म्हणून काचेच्या इमारतीचं चित्र डोळ्यांपुढून काढून टाका. तालुक्याच्या गावात व्यापारी मालमत्ता म्हणजे डाळ मिल, जिनिंग, बाजार समितीजवळचा गाळा, कृषी केंद्राचं दुकान, टिनाचं शेड आणि गोदाम. सगळ्यात जास्त बोलायचंय ते गोदामाबद्दल.

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन एकदम बाजारात येतं. घरात ठेवायला जागा नसते, घेणेकरी दारात असतात. सगळ्यांचा माल एकाच पंधरवड्यात आला की भाव दबतो. जवळ चांगलं गोदाम असेल तर शेतकरी थांबू शकतो. पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत बाजार समितीकडं माल ठेवला तर किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत कर्ज 6 टक्के व्याजानं मिळतं, मुदत सहा महिन्यांची. गोदाम वखार नियामकाकडं नोंदलेलं असेल तर त्याच्या पावतीवर बँकही कर्ज देते. गोदामवाल्याला भाडं मिळतं ते शेतकऱ्याच्या या थांबण्यातून. हे भाडं आम्हाला आवडतं, कारण त्यात दोघांचंही भलं आहे.

(दृश्य: खोदलेला खड्डा. वर काळी माती, खाली पिवळसर मुरूम.)

आता जागा कोणती? इथं शेतीचा हिशेब उलटा होतो. ज्या काळ्या मातीला आपण भारी जमीन म्हणतो ती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर वरवरचा पाया घेतला तर दोन-तीन उन्हाळ्यांत फरशी उचलते आणि भिंतीला तडे जातात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि खर्च तिथंच वाढतो. ज्या बरड तुकड्यावर आजोबांनी तुरीशिवाय काही पेरलं नाही, तो गोदामाला उत्तम. मुरूम हाताशी, पाणी वाहून जाणारं. काळं वावर पिकाला राहू द्या, बरड बांधायला घ्या, असं आम्ही ज्या ज्या मिस्त्रीला विचारलं त्यानं सांगितलं. बांधताना जोतं ट्रकच्या फाळक्याच्या उंचीला आणा. पोती भिंतीला टेकणार नाहीत आणि लाकडी फळ्यांवर राहतील, एवढी जागा धरा. सोयाबीनला ओल लागली की भाडं जातं आणि नावही जातं.

आता हिशेब. आकडे आपण धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला. जागा 20 लाखांची, शेड 40 लाखांचं, एकूण 60 लाख. महिना 35 हजार भाडं म्हणजे वर्षाला 4 लाख 20 हजार. दलाल हाच आकडा सांगून 7 टक्के म्हणतो. पण गोदाम दोन महिने रिकामं राहिलं तर साडेतीन लाख उरतात. कर, विमा, छपराची डागडुजी यांचे 50 हजार काढा. हातात 3 लाख, म्हणजे 5 टक्के.

आता शेडचे 40 लाख कर्जानं घेतले, 9 टक्क्यांनी, तर पहिल्या वर्षाचं व्याजच 3 लाख 60 हजार. भाड्यातून व्याजही फिटत नाही! 2020 मध्ये आलेल्या केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीत 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, सात वर्षांपर्यंत. ती मिळाली तर व्याज 2 लाख 40 हजारांवर येतं. तरी मुद्दल बहुतेक खिशातूनच फेडायचंय. सवलत शेतमालाच्या गोदामाला आहे, आणि मंजुरीची मुदत ठरलेली असते. म्हणून आधी बँकेत विचारा, मग खांब उभे करा.

(दृश्य: तहसील कार्यालयाबाहेरचं सेतू केंद्र. एक तरुणी सातबारा वाचते आहे.)

ही मुलगी गेल्या वर्षापासून लोकांचे जमिनीचे कागद तपासून देते. तिच्यापुढं आत्ता एक सातबारा आहे, इसार द्यायला निघालेल्या माणसाचा. तिचं बोट भोगवटादार वर्ग-2 वर थांबतं. म्हणजे परवानगीशिवाय हस्तांतर नाही. मग ती फेरफार काढते, बहिणींची नावं कधी कमी झाली ते बघते. मग नकाशा. धुऱ्यावरून शेतीसाठी मिळालेली वाट वेगळी आणि दहा चाकी ट्रकचा रस्ता वेगळा, हे तिनं गिऱ्हाइकाला तीनदा समजावलं. गिऱ्हाईक शेतकरी नसेल तर आणखी एक अडचण. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कूळ कायदा आहे आणि बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही.

हे काम गावागावात हवं आहे. नोंदणीकृत प्रकल्पातली विक्री करून देणाऱ्या एजंटला महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची, नोंदणी लागते, आणि 2023 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. मोजणी, मूल्यांकन, गोदामाची देखरेख, धान्याची प्रत तपासणं, भाडेकराराची नोंदणी, प्रत्येकात रोजगार आहे. कृषी पदविकेचा पोरगा आर्द्रतामापक घेऊन गोदामात उभा राहिला तर तो अडत्याच्या अंदाजावर माल सोडत नाही. नागपूरजवळच्या बुटीबोरी-मिहानच्या औद्योगिक वसाहतींपर्यंत जायचं तर हाच अनुभव सोबत येतो.

आणि ज्याच्याकडं जमीन नाही, जो मास्तर किंवा नर्स आहे, त्यानं काय करावं? कुणाच्या तोंडी शब्दावर प्लॉटमध्ये पैसे अडकवण्यापेक्षा शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचा, म्हणजे भाड्यानं दिलेल्या इमारती धरणाऱ्या गुंतवणूक ट्रस्टचा, एक युनिटही घेता येतो. वाटता येण्याजोग्या रोकडीतला किमान 90 टक्के वाटा रीटला गुंतवणूकदारांना द्यावाच लागतो. भाव खाली-वर होतो, पण कागद स्वच्छ असतो आणि हवा तेव्हा विकता येतो.

(दृश्य: संध्याकाळ. शेलूबाजारकडे जाणारा रस्ता. नवं शेड, दारात ट्रॅक्टर.)

या शेडचा मालक म्हणजे सकाळच्या त्या म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ. त्यानं दलालाला जमीन दिली नाही. इंटरचेंजवरून येणाऱ्या रस्त्यावरचा दीड एकर बरड तुकडा त्याच्याकडं होता, त्यावर त्यानं शेड घातलं. आज पहिली पोती आली. मापारी वजन पुकारतो आहे, तो स्वतः पावती लिहितो आहे. थोरल्या भावाचीच पावती आहे, आणि तो अक्षर नीट काढ म्हणून पाठीमागं उभा आहे.