आबांची तिथी आणि आमची ओहोटी

सकाळचे पाच वाजून वीस मिनिटं झालीत, रत्नागिरीचा किनारा आहे, आणि मागे जो चरचर आवाज येतोय ना तो लाटांचा नाही, आमच्या सँडलखाली बार्नॅकल चिरडतायत त्याचा आहे. शक्यतो त्यांच्यावर पाय द्यायचा नाही असं आम्हाला दरवेळी सांगतात, पण कातळावर दुसरीकडे पाय ठेवायला जागाच नसते. अंधार आहे म्हणून सुरुवातीला नुसते टॉर्चचे गोल दिसतील, थोडं सहन करा, दहा मिनिटांत उजाडेल. समुद्र शिकवणारी डिग्री प्रत्यक्षात कशी असते ते या व्हिडिओत दाखवते. एवढ्या पहाटे का, तर आज अमावस्या आहे.

मी मूळची जत तालुक्यातली. सांगली जिल्ह्यातला दुष्काळी जत, हो तोच. उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मोठी झालेली मुलगी बारावीनंतर समुद्र शिकायला गेली याचं गावात अजून लोकांना हसू येतं. घरी आजोबा, आम्ही आबा म्हणतो, माळकरी. मासा काय, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. मी अ‍ॅडमिशन घेतली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "तुझ्या हातनं मरतो का गं त्यो?" मी म्हटलं नाही आबा, आम्ही बाजारातून मेलेलाच आणतो. मग काही बोलले नाहीत. हे तेव्हा खरं होतं, पुढे तितकंसं राहिलं नाही, पण ते मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, आणि हा व्हिडिओ ते बघणार नाहीत असं धरून चाललेय.

आता डिग्रीबद्दल. बारावीनंतर थेट सागरविज्ञान अशी डिग्री आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी मिळते. बहुतेक मुलं झूलॉजी, बॉटनी नाहीतर केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करतात आणि मग एमएस्सीला गोवा विद्यापीठ नाहीतर कोची गाठतात. महाराष्ट्रात पहिल्या दिवसापासून खाऱ्या पाण्यात हात घालायचा तर जवळचा रस्ता म्हणजे बीएफएस्सी, मत्स्यविज्ञान. चार वर्षं, आठ सेमिस्टर, प्रवेश सीईटीतून. नागपूरला आणि उदगीरलाही कॉलेज आहे, पण समुद्राकाठचं म्हणजे रत्नागिरीजवळ शिरगावचं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाखालचं, १९८१ सालचं. विषय म्हणाल तर माशांची ओळख, मत्स्यशेती, प्रक्रिया, जाळी आणि नौका, समुद्रशास्त्र, अर्थशास्त्र, सगळं थोडंथोडं. यादी कुठेही मिळेल, मी वाचत बसत नाही.

आम्हाला यादीत नसलेली गोष्ट आधी शिकावी लागली, ती म्हणजे समुद्र टाइमटेबल पाळत नाही. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते. म्हणजे आज दहाला ओहोटी असेल तर उद्या दहा पन्नासला, परवा पावणेबाराला, आणि कॉलेजचं प्रॅक्टिकल मात्र दर मंगळवारी दहालाच. सर्व्हे ऑफ इंडियाचं भरती-ओहोटीचं पुस्तक असतं, मोबाईलवर अ‍ॅप पण आहेत, पण माझी प्रॅक्टिकलची पार्टनर जयगडकडची, खारव्याची मुलगी, तिने पहिल्याच आठवड्यात मला सोपा हिशेब दिला. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, आली भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तीनला भरती. अष्टमी असेल तर सहाला. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा. त्यात सहा तास आणि वर थोडी मिनिटं मिळवली की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण कातळावर कधी उतरायचं हे ठरवायला पुरतं.

अडचण एवढीच की मला तिथी कळत नव्हती. हॉस्टेलवर कॅलेंडर नाही, आणि मोबाईलमध्ये बघायचं तर खरं सांगते, लक्षातच यायचं नाही. मग मी आबांना फोन करायला लागले. वारकरी माणूस, तिथी तोंडपाठ. "आबा, आज कोण तिथी?" "सप्तमी हाय, का गं?" "काही नाही, असंच." फोन बंद. सात पाऊणे सव्वापाच. ज्या माणसाने आयुष्यात समुद्र बघितलेला नाही त्याच्याकडून मी दोन वर्षं भरतीची वेळ घेत होते.

दुसऱ्या वर्षी मी प्रोजेक्टसाठी अष्टमी निवडली. हिशेब बघा, भरती सहाला म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास, छान ऊन, नाष्टा करून निवांत जायचं. गेलो आम्ही. आणि पाणी काही हटेचना. साडेबारा झाले, एक वाजला, मला ज्या पट्ट्यातले प्राणी मोजायचे होते तो पट्टा पाण्याखालीच. पार्टनर खडकावर बसून हसत होती, तिला आधीपासून माहीत होतं, मुद्दाम बोलली नव्हती. अष्टमीला भांग असतो. अमावस्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण येतं, पाणी खूप चढतं आणि तेवढंच खाली उतरतं. अष्टमीला दोघं काटकोनात, एकाची ओढ दुसरा थोडी खातो, पाणी ना धड चढत ना उतरत. हे मी बारावीला पाठ केलेलं, आकृतीसकट, पाच मार्कांचं उत्तर. आणि उधाणाची ओहोटी आपल्या या किनाऱ्यावर येते कधी, तर पहाटे साडेपाचच्या सुमाराला नाहीतर संध्याकाळी तेवढ्यालाच. म्हणून आज हा टॉर्च.

आता उजाडलंय, हे बघा. ही पीव्हीसी पाइपची चौकट, पन्नास सेंटिमीटर बाय पन्नास, आत सुतळी ओढून पंचवीस चौकोन केलेत. वरून पाण्यापर्यंत एक दोरी टाकायची आणि ठराविक अंतरावर ही चौकट ठेवत जायची, आत जे जे आहे ते मोजायचं. बस. समुद्र शिकतोय म्हटलं की लोकांना डॉल्फिन, स्कूबा, निळं पाणी असं काहीतरी वाटतं, प्रत्यक्षात चार वर्षांतला बराच वेळ आपण उकिडवे बसून मोजत असतो. जवळ घेते कॅमेरा. हे वरच्या कोरड्या भागातले मिरीएवढे शंख, भेगेत एकमेकांना चिकटून बसलेत, ओल टिकावी म्हणून. थोडं खाली आलं की बार्नॅकल, छोट्या ज्वालामुखीसारखे दिसतात ते, शिंपला वाटतो पण नात्याने खेकडा-कोळंबीच्या घरातला, डोकं खाली चिकटवून आयुष्यभर पायांनी अन्न ओढत बसतो. त्याच्या खाली कालवं, याची धार लागली की सँडलचा तळ कापतो, माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे. आणि अगदी खाली, जो पट्टा मला अष्टमीला दिसला नव्हता, तिथे ही सरगॅसम नावाच्या तपकिरी शेवाळाची झुडपं आणि गालिच्यासारखे पसरलेले झोअँथिड, प्रवाळाच्या नात्यातले मऊ प्राणी, आत्ता मिटलेले, पाणी आलं की उघडतील.

हे असे पट्टे का पडतात? स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जोसेफ कॉनेलने १९६१ मध्ये दोन जातींच्या बार्नॅकलवर प्रयोग करून दाखवलं, ते आम्हाला शिकवलं जातं आणि मला फार आवडतं. वरची जात खालीसुद्धा जगू शकते, फक्त खालची दांडगी जात तिला उचकटून टाकते, चिरडते. दांडगीला वर जायचं तर ऊन आणि कोरडेपणा झेपत नाही. थोडक्यात वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी ठरवतात. आमच्या शेताच्या बांधाची भानगड आठवली मला.

चला, मिरकरवाडा, रत्नागिरीचं मासेमारी बंदर. हा आवाज लिलावाचा आहे, भाव मला अजूनही पूर्ण कळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दोन महिने इथे शांत, बाकी वर्षभर आम्ही पट्टी आणि वही घेऊन बोटी लागायच्या वेळेला हजर. बांगडे मोजायचे, लांबी, वजन, पोटात अंडी आहेत का, असतील तर कुठल्या टप्प्यात. मासेवाल्या मावश्या पहिल्या वर्षी हाकलतात, कारण आम्ही मासा दाबून दाबून बघतो आणि विकत घेत नाही. त्यांचं काही चुकत नाही. एक मावशी मला म्हणाली, "मोजून काय वाढणार आहे का तो?" मी म्हटलं नाही मावशी, पण लहान किती पकडला जातोय ते तरी कळेल. २०२३ मध्ये पापलेट आपला राज्यमासा झाला आणि ते पकडायचं तर किमान १३५ मिलिमीटर हवं असा नियम आहे, म्हणजे हाताच्या पंज्याहून थोडं कमी. मी पट्टी लावली. टोपलीत वर मोठी, खाली चांदीच्या रुपयासारखी पिल्लं. मावशीने टोपली ओढून घेतली. मग जरा वेळाने म्हणाली, जाळ्याची आस बघा आधी, पट्टी काय लावताय. आणि ते अगदी बरोबर होतं. ट्रॉलच्या, म्हणजे बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या, पिशवीची आस, म्हणजे भोक, शंकरपाळ्याच्या आकाराची असेल तर ओढ बसली की ती मिटते, बारकं पोर आतच राहतं. चौकोनी आस ताणली तरी उघडी राहते. आम्ही हेच जाळं विणायच्या प्रॅक्टिकलला शिकलो होतो, मावशीला ते घरात बसून ठाऊक.

हा माझ्या हातातला ढोमा. डोकं वरून, डोळ्याच्या जरा मागून, असं उघडायचं, मेंदू बाजूला केला की दोन्हीकडे एकेक पांढरा खडा. हा बघा, पावट्याच्या दाण्याएवढा. ढोमा, घोळ या मंडळींचे हे खडे मोठे असतात, बांगड्याचा काढायचा तर तांदळाच्या कणीएवढा, आणि चिमट्यात मोडतो, मी पहिले अकरा मोडले. माशाचा कानातला दगड आहे हा, चुन्याचा, मासा वाढतो तसे त्यावर थर चढतात. घासून मायक्रोस्कोपखाली धरला की झाडाच्या बुंध्यासारखी कडी दिसतात. थंड देशातल्या पुस्तकांत लिहिलेलं असतं की कडी मोजा आणि वय सांगा, कारण तिथे हिवाळ्यात वाढ थांबते, कडं ठसठशीत उमटतं. आपल्या गरम पाण्यात तसा हिवाळाच नाही, मग वर्षाची कडी पुसट, एका खड्यावर मी पाच मोजली, पार्टनरने तीन. शेवटी रोजची बारीक कडी मोजावी लागतात, त्याला डोळे आणि संयम दोन्ही लागतात.

बोटीवरचं थोडक्यात सांगते कारण फुटेजच नाही. मला बोट लागली. सकाळी पोह्यांवर गेलेले, बारा नॉटिकल मैलसुद्धा झाले नसतील. खोल पाण्याचा नमुना घेणारी बाटली दोरीने खाली सोडतात आणि ती मिटवायला दोरीवरून एक पितळी वजन सोडतात, ते घरंगळत जाऊन बाटलीच्या खटक्यावर आपटतं. मी ते दोरीत न अडकवताच सोडलं. सरळ अरबी समुद्रात. बोट चालवणाऱ्या तांडेल मामांनी नुसतं बघितलं आणि लिंबू दिलं.

एक मात्र दाखवायचंच आहे. थंडीत कधीकधी कोकणात रात्री लाट फुटताना निळी पेटते, व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ते पाणी बादलीत घेऊन आम्ही लॅबला आणलं. मायक्रोस्कोपमध्ये पारदर्शक फुगा, एक दोरा लोंबतोय, नॉक्टिलुका त्याचं नाव, साध्या डोळ्यालाही साबुदाण्याच्या चुऱ्यासारखा दिसतो. लाइट बंद करून बीकर हलवला आणि सगळा वर्ग ओरडला. मी आबांना फोन लावला, रात्रीचे दहा, झोपेतून उठवलं. पाणी पेटतंय म्हटलं. ते म्हणाले, "हात लांब धर."

लांबून येणाऱ्यांनी बिचकू नये म्हणून एक नाव सांगते. अदिती पंत. जन्म नागपूरचा, म्हणजे महाराष्ट्रात समुद्रापासून जितकं लांब जाता येईल तितकं. बीएस्सी पुण्यातून, पुढे हवाई, मग लंडन, मग गोव्यात दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, जी १९६६ च्या १ जानेवारीला सुरू झाली. १९८३-८४ च्या मोहिमेत त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकाला गेल्या, भारतीय मोहिमेतून जाणाऱ्या पहिल्या बायका.

आणि नोकरी? विचारणारच तुम्ही. आमच्या बॅचमधले काही मत्स्यव्यवसाय खात्याच्या परीक्षा देतायत, काही वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत पुढे शिकायच्या तयारीत, आणि बरीच पोरं आंध्रात कोळंबीच्या तळ्यांवर. तिथे रात्री दोनला उठून ऑक्सिजन बघायचा, पाण्यात हवा मिसळणारा एरेटर बंद पडला की सकाळी तळं मेलेल्या कोळंबीने पांढरं. समुद्र शिकायला आलो आणि तळ्याकाठी बसलो, अशी कुरकुर पार्टनर फोनवर करते, पगार वेळेवर होतो हेही तीच सांगते.

पाणी फिरलंय. आठव्या नंबरच्या चौकटीपर्यंत आलं, दोन राहिल्या, त्या पौर्णिमेला. हे शेवटचं रेकॉर्डिंग गावचं आहे, आवाज खराब आहे, गोठ्यात बसून केलंय. मी निघत होते, आबा जपमाळ ठेवून म्हणाले,

"एकादशीला किती वाजता येतं गं तुझं पाणी?"

"तुम्हीच सांगा. अकरा पाऊणे?"

बोटांवर मोजलं त्यांनी, दोनदा.

"सव्वाआठ."