अण्णा जहाजाला कान लावतात

[दृश्य : लातूर स्टेशन, रात्र. फलाटावर दोन बॅगा आणि पाच लिटरचा एक पांढरा कॅन.]

सुरुवात या कॅनपासूनच करायला हवी. तीन रात्रींच्या क्रूझला निघालेला माणूस सोबत गॉगल घेतो, टोपी घेतो, फार तर उलटीच्या गोळ्या. आमच्या अण्णांनी घेतलं लातूरचं पाणी. माय म्हणाली, "अहो, समुद्रातच चाललोय नव्हं?" अण्णा म्हणाले, "म्हणून तर. ते पिता येतंय का?"

अण्णा वॉलमन होते. शहराच्या पाणीपुरवठ्यात तीस वर्षं. कुठल्या गल्लीला कधी आणि किती वेळ पाणी सोडायचं, ते त्यांच्या चावीवर. ही चावी कुलपाची नव्हे. छातीइतकी उंच लोखंडी सळई, वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातल्या खड्ड्यात उभी घालायची आणि वॉल, म्हणजे पाइपाची झडप, फिरवायचा. तिचा दुसराही उपयोग असतो. खालचं टोक पाइपावर टेकवायचं आणि मुठीला कान लावायचा. पाणी चाललंय का, कुठं गळतंय का, लोखंड सांगतं. लहानपणी मला वाटायचं, अण्णा जमिनीशी बोलतात.

[दृश्य : बॅलार्ड पिअर. टर्मिनलबाहेर टॅक्सी.]

लातूर एक्सप्रेसनं सकाळी मुंबई, तिथून टॅक्सीनं बंदर. टर्मिनलवर तपासणी. बाहेरचं पाणी आत चालणार नाही म्हणाले. नियम आहे, ठीक आहे. पण "ओतून टाका" हा शब्द अण्णांना सहन झाला नाही. ते कॅन घेऊन परत बाहेर आले, टॅक्सीवाल्याच्या दोन बाटल्या भरल्या, उरलेलं एका हमालाला दिलं आणि रिकामा कॅन घेऊन जहाजावर चढले. कॅमेरा तेव्हा चालू होता, हे माझं नशीब.

जहाज अकरा मजल्यांचं. प्रवासी अठराशेच्या घरात. जगातली सगळ्यात मोठी क्रूझ जहाजं आकारानं याच्या पाचपट भरतील. 2024 साली मायामीहून सुटलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'चं ग्रॉस टनेज 2,48,663 आहे. आता हे टन म्हणजे वजन नव्हे, जहाजाच्या आतल्या जागेचं माप. मीही आधी वजनच समजले होते.

सुटायच्या आधी भोंगा झाला. सात आखूड, एक लांब. सगळ्यांनी लाइफ जॅकेटच्या जागी जमायचं. 2012 साली इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली आणि 32 माणसं गेली. त्यातल्या बऱ्याच प्रवाशांची ही कवायत झालीच नव्हती. त्यानंतर जहाज सुटायच्या आधी किंवा सुटताक्षणी ती घेणं बंधनकारक झालं. माय जॅकेट घालून रांगेत सगळ्यात पुढं.

[दृश्य : केबिन. खिडकीत समुद्र. बाथरूमचं दार उघडं.]

खिडकीत अख्खा अरबी समुद्र. आणि अण्णा बाथरूममध्ये. नळ सोडला, बंद केला, परत सोडला. ओंजळीत घेऊन वास घेतला. "क्लोरीन हाय." मग हळहळले, "ओटीची बाटली आणाया पायजे होती." ओटी म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे की नाही ते बघायची परीक्षा. दोन थेंब टाकले की पाणी पिवळं पडतं.

तेवढ्यात मायनं कमोडचं बटण दाबलं आणि किंचाळली. तो फ्लश पाण्यानं ढकलत नाही, हवेनं ओढतो. मोठा 'फुस्स' आवाज होतो. एका वेळी पाणी लागतं साधारण एक लिटर. आपल्याकडं सहा ते दहा जातं. अण्णांनी बटण चारदा दाबून बघितलं.

त्यांचा प्रश्न एकच होता. हे गोडं पाणी येतंय कुठून?

[दृश्य : वरचा डेक, संध्याकाळ.]

इंजिन विभागात काम करणारा रत्नागिरीकडचा एक पोरगा सुट्टीच्या तासात भेटला. यंत्रं बघायला खाली नेता येणार नाही, म्हणाला. पण 'काका' म्हणत कागदावर चित्र काढून दाखवलं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात मीठ 35 ग्रॅम. ते काढायच्या दोन तऱ्हा. पहिली ऊर्ध्वपातनाची. इंजिन तापतंच, ती उष्णता फुकट. भांड्यातली हवा ओढून घेतली की पाणी पन्नास-साठ अंशांवरच उकळतं. वाफ धरायची, थंड करायची. दुसरी तऱ्हा आरओ, घरच्यासारखीच. फक्त दाब कितीतरी जास्त, गाडीच्या टायरात असतो त्याच्या पंचवीस-तीस पट. असं निघालेलं पाणी अगदीच बेचव, म्हणून त्यात क्षार घालतात, मग क्लोरीन. किनाऱ्याजवळच्या गढूळ पाण्यापासून बनवत नाहीत, त्यासाठी जहाज खोल समुद्रात जावं लागतं. बंदरात असताना नळी लावून भरून घेतात.

अण्णा म्हणाले, "रोटेशन?"

पोराला कळेना. मी समजावलं की किती दिवसाआड सोडता, असं विचारतायत.

"चोवीस तास, काका."

अण्णा गप्प झाले. मग कागदी रुमाल ओढला आणि हिशोब मांडला. प्रवासी अठराशे, कामाची माणसं सहा-सातशे. अडीच हजार धरा. पोरगा म्हणाला होता, माणशी दिवसाला दोनशे लिटर तर जातंच. शहरात माणशी 135 लिटर मिळावं, असं आपल्याकडचं मानक आहे. कागदावर. तर अडीच हजार गुणिले दोनशे.

पाच लाख लिटर.

अण्णांनी त्या आकड्याभोवती गोल केला आणि म्हणाले, "पयली गाडी."

[दृश्य : लातूर. कोरडी टाकी. रेल्वेरूळ.]

हे समजायला 2016 माहीत हवं. धनेगावचं मांजरा धरण आटलं होतं. शहरात नळाला पाणी नव्हतं. मार्चमध्ये पाणी भरायच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली. पाण्यासाठी जमावबंदी! अण्णांची चावी दाराआड उभी होती, फिरवायला काही नव्हतं. आमच्या गल्लीत टँकर यायचा. घरटी एक निळा बॅरल, दोनशे लिटर. म्हणजे जहाजावरच्या एका माणसाचा एक दिवस. 12 एप्रिलच्या पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली गाडी आली. कृष्णेचं पाणी, साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास लांबून, 10 वाघिणी, म्हणजे टाकीचे डबे, 5 लाख लिटर. पुढं 50 वाघिणी यायला लागल्या, 25 लाख लिटर. पण लातूरकरांच्या लक्षात राहिली ती पहिली. अण्णा तेव्हा स्टेशनवर गेले होते. फोटो काढायला नाही. वाघिणीला हात लावून आले, गार होती म्हणाले.

तेवढं पाणी इथं रोज बनतं. नाचगाणं, कॅसिनो, पाच तऱ्हांच्या जेवणाच्या पंगती, हे सगळं होतंच. मायला त्यातलं सगळं आवडलं, तिनं ठेचा काढायची वेळच आली नाही. पोहण्याचा तलाव समुद्राच्या पाण्याचा निघाला. अण्णांनी बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. हे त्यांना पटलं.

[दृश्य : अजिंठा. लेणं क्रमांक 2.]

मराठवाड्याला किनारा नाही, पण जहाज आहे. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, भिंतीवर. तीन डोलकाठ्यांचं, शिडं फुगलेली. पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतलं. त्यावर एका कडेला मोठमोठे घडे मांडून ठेवलेत. परतल्यावर मी अण्णांना तिथं घेऊन गेले आणि विचारलं, त्या घड्यांत काय असेल? "पाणी. दुसरं काय नेतेत?" मी म्हटलं, व्यापारी माल असेल. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी पुढं बोलले नाही.

[दृश्य : केबिन, शेवटची रात्र. अंधार. बाथरूममधला दिवा.]

दोन वाजता जाग आली तर अण्णांचा पलंग रिकामा. बाथरूमचं दार अर्धं उघडं. आत अण्णा बेसिनखाली उकिडवे बसलेले. हातात रात्रीच्या जेवणाचा स्टीलचा चमचा. चमच्याचं टोक पाइपावर टेकवलेलं, दांडा कानाला, डोळे मिटलेले. मी कॅमेरा उचलला, तरी त्यांनी पाहिलं नाही.

"अण्णा, काय झालं?"

त्यांनी हात वर केला. थांब म्हणून. बराच वेळ ऐकत राहिले.

"चालू हाय," म्हणाले. मग मला म्हणाले, "ये, तू पण ऐक."