श्रीमंती दाखवायची कशी? ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ पुन्हा रंगमंचावर आणताना

मित्रहो, अमेरिकन नाटककार फिलिप बॅरी यांचं ‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ हे नाटक २८ मार्च १९३९ रोजी न्यूयॉर्कच्या शूबर्ट थिएटरमध्ये आलं. त्याचे ४१७ प्रयोग झाले. त्यातली नायिका, दुसऱ्या लग्नाला उभी असलेली श्रीमंत घरातली ट्रेसी लॉर्ड, ही भूमिका अभिनेत्री कॅथरिन हेपबर्नला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली होती. १९४० साली चित्रपट आला, आणि तेव्हापासून हे नाटक करणाऱ्या प्रत्येक संचाला त्या चित्रपटाशी झगडावं लागतं.

म्हणून आधी संहिता नीट वाचा. नाटकात ट्रेसीला सँडी नावाचा भाऊ आहे. वडिलांचं बाहेरचं प्रकरण मासिकात छापून येऊ नये, त्याऐवजी लग्नाची बातमी यावी म्हणून लग्नघरात पत्रकारांना तोच आणतो. चित्रपटाने सँडीला वगळलं आणि त्याचं बरंच काम ट्रेसीच्या पहिल्या नवऱ्याकडे, डेक्स्टरकडे दिलं. त्यामुळे नाटकातला डेक्स्टर मुळातच आटोपशीर आहे. चित्रपटात डेक्स्टर झालेला केरी ग्रँट आठवून ती भूमिका फुगवली, तर सँडीच्या जागा खाल्ल्या जातात आणि पहिल्या अंकातला बनाव प्रेक्षकांना कळत नाही. पत्रकारांसमोर विलीमामाला वडील म्हणून पुढे करायचं आणि खरे वडील आले की त्यांना विलीमामा म्हणायचं, ही अदलाबदल स्वच्छ कळलीच पाहिजे. ती कळली नाही तर पुढचे सगळे हशे गेले. तेवढ्या वाक्यांपुरत्या हालचाली थांबवा.

आता श्रीमंती. मंचावर महागडं सामान भरलं की ती दिसत नाही, नटांना चालायला अडचण मात्र होते. पिढीजात पैसा असलेली माणसं आपल्या वस्तूंकडे बघतच नाहीत. ट्रेसीने चांदीचं तबक कौतुकाने उचललं की ती त्या घरात पाहुणी वाटते. बघायचं ते पत्रकार माइक आणि लिझ यांनी, आणि थोडंफार नियोजित वर जॉर्जने, कारण तो कष्टाने वर आलेला आहे. तालमीच्या पहिल्या आठवड्यापासून खरे पेले, खऱ्या उंचीच्या खुर्च्या आणि प्रयोगातले जोडे वापरा. रंगीत तालमीत पहिल्यांदाच हातात आलेली वस्तू नट जपून धरतो. घरच्या माणसाने ती तशी धरली की खोटं उघडं पडतं.

पहिला आणि तिसरा अंक दिवाणखान्यात, दुसरा व्हरांड्यात घडतो. दोन मध्यंतरं घेतली तर नेपथ्य आरामात बदलतं. हल्ली एकच मध्यंतर घेतात. ते पहिल्या अंकानंतर ठेवलं की दुसऱ्या-तिसऱ्या अंकांमधला बदल प्रेक्षकांसमोरच करावा लागतो. तो घरातल्या नोकरांच्या भूमिका करणाऱ्यांकडून, भूमिकेत राहूनच, चाळीस सेकंदांच्या आत करून घ्या. लग्नाच्या सकाळी आवराआवर होणारच, त्यामुळे ते खपून जातं. मात्र संहितेत काटछाट करायची असेल, तर हक्कधारकांची लेखी परवानगी तालमींच्या आधी घ्या.

सगळ्यात जोखमीची जागा दुसऱ्या अंकाच्या शेवटाकडे आहे. पहाटे पोहून आलेल्या ट्रेसीला माइक उचलून आणतो. नटांना खरोखर भिजवू नका, ओल्या पायांनी लाकडी मंच निसरडा होतो. केसांना जेल लावा, झगा कोरडाच ठेवा. उचलताना माइकने गुडघ्यांतून उठायचं, पाठ वाकवायची नाही. ट्रेसीने अंग सैल दाखवायचं, पण त्याच्या मानेभोवतीच्या हाताने आपलं वजन सावरायचं. त्याला स्वतःची पावलं दिसत नाहीत, म्हणून त्या वाटेवर पायरी नको, आणि कडेला अंधारात चमकणारी पट्टी लावा. ट्रेसी अनवाणी असते, म्हणून व्हरांड्याच्या प्रवेशांत काचेचे पेले नकोत, अ‍ॅक्रिलिकचे घ्या. शॅम्पेनच्या जागी जिंजर एल (आल्याचं फसफसणारं पेय) वापरलं तर आधी त्यातला वायू जाऊ द्या, नाहीतर ऐन वाक्यात ढेकर येतो.

दारू चढलेलं दाखवताना नट झोकांड्या खातात. खरा प्यायलेला माणूस सरळ चालायचा आटोकाट प्रयत्न करतो. हसू त्या प्रयत्नातून येऊ द्या. आणि हशा वर चढत असताना पुढचं वाक्य टाकू नका. तो ओसरायला लागला की लगेच बोला, पूर्ण थांबायची वाट पाहिली तर लय ढासळते.

वडिलांचं भाषण ही आजची खरी अडचण. सेथ लॉर्ड आपल्या बाहेरख्यालीपणाचा दोष मुलीच्या अंगावर ढकलतो. संहिता त्याच्याकडे झुकते, हे लपवून उपयोग नाही. भाषण शहाणपणाच्या सुरात म्हटलं तर आजचा प्रेक्षक नाटकावरच रुसतो, आणि ते बरोबरच आहे. पकडला गेलेला माणूस अवसान आणून बोलतो, तसं म्हणा. बाजूला बसलेल्या ट्रेसीच्या आईवर, मार्गारेटवर, उजेड कमी करू नका, कारण नवऱ्याचं हे बोलणं ती कसं ऐकते त्यावर सगळा तोल आहे.

शेवटी ट्रेसी दाराशी उभी राहून बाहेरच्या पाहुण्यांना उद्देशून बोलते आणि डेक्स्टर तिला एकेक वाक्य सांगत जातो. दार मागच्या भिंतीत मधोमध असेल तर तिची पाठ प्रेक्षकांकडे येते आणि आवाज मागे जातो. हे दार बाजूच्या भिंतीत, प्रेक्षकांकडे तिरकं वळवून घ्या, आणि हे नेपथ्यकाराला पहिल्या आराखड्याच्या वेळीच सांगा.